बीको घोटायला हात हवेत



आपण मराठी माणसं शेतात उभ्या असलेल्या पिकालाही भात म्हणतो आणि ताटात वाढलेल्यालाही भातच म्हणतो. मधल्या अवस्थेला तेवढं तांदूळ हे वेगळं नाव. फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत असं चालत नाही. तिथे शेतातला तो ‘पालाय’, सडून घेतला की ‘बिगास’ आणि शिजला की ‘कानिन’. रात्रीचा उरलेला भात सकाळी लसूण घालून परतला की तो ‘सिनांगाग’, आणि भांड्याच्या तळाला लागलेली खरपुडी ती ‘तुतोंग’. या कानिन शब्दावरूनच ‘काकानिन’ हा शब्द झाला. काकानिन म्हणजे तांदळाचे गोडाधोडाचे पदार्थ. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेलं सूमान, पिठीचं कालामाय, ख्रिसमसच्या आधीच्या नऊ पहाटे चर्चच्या दारात मिळणारा जांभळा पुतो बुंबोंग, असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत. त्यातलाच एक बीको. चिकट तांदूळ, नारळाचा रस आणि गुळासारखी तांबडी साखर एवढंच सामान त्याला लागतं. पण आणखी एक गोष्ट लागते, जी बाजारात मिळत नाही. तिच्याविषयी मी आज बोलणार आहे.

माझे यजमान भातपिकाच्या संशोधनात होते. १९९४ ते १९९९ अशी पाच वर्षं आम्ही फिलिपिन्समधल्या लोस बान्योस या गावी राहिलो. मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी आणि एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी हे गाव आहे. लोस बान्योस हे स्पॅनिश नाव, त्याचा अर्थ स्नानाच्या जागा. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. पण जगभर हे गाव ओळखलं जातं ते १९६० साली तिथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेमुळे. हरितक्रांतीच्या काळात गाजलेलं ‘आयआर-८’ हे भाताचं वाण १९६६ मध्ये इथूनच बाहेर पडलं. आपले डॉ. एम. एस. स्वामिनाथन १९८२ ते १९८८ या काळात या संस्थेचे महासंचालक होते. त्यामुळे भारतीय माणूस तिथल्या लोकांना नवा नव्हता.

आमच्या घराला लागून जास्वंदीचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एक मोठं कुटुंब. घरात साठीच्या पुढच्या आजी, त्यांचा रिक्षासारखी तीनचाकी चालवणारा धाकटा मुलगा, त्याची बायको आणि दोन नातवंडं. नात तेरा वर्षांची, नातू चारचा. ही नातवंडं त्या धाकट्या मुलाची नव्हती, थोरल्या मुलीची होती. ती हाँगकाँगला एका घरी कामाला होती. आजींचा मधला मुलगा व्यापारी जहाजावर खलाशी होता.

तिकडे आजीला ‘लोला’ म्हणतात. मीही त्यांना लोलाच म्हणू लागले. त्या मला ‘अनाक’ म्हणायच्या, म्हणजे लेकरा. मुलांची मी ‘तीता’ झाले, म्हणजे मावशी किंवा आत्या, काहीही. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घातलं की आपल्या अहो-जाहोची सोय होते. लोलांनी मला आधी तो ‘पो’ शिकवला, बाकीची भाषा मागाहून.

पहिला बीको मी पाहिला तो ‘उंदास’च्या आदल्या दिवशी. १ नोव्हेंबरला हा दिवस येतो. फिलिपिन्स हा कॅथलिक बहुसंख्येचा देश. उंदासला माणसं दफनभूमीत जातात, आधीच घासून-रंगवून ठेवलेल्या आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि कित्येक कुटुंबं रात्रही तिथेच काढतात. आपल्या सर्वपित्रीसारखं गंभीर वातावरण तिथे नसतं. मोठी माणसं गप्पा मारतात, पत्ते खेळतात, मुलं वितळलेल्या मेणाचे गोळे वळत बसतात आणि घरून आणलेले डबे उघडले जातात. त्या डब्यांत बीको हवाच.

त्या दिवशी कुंपणापलीकडे सकाळपासून गडबड होती. मागच्या पडवीतली चूल पेटली होती. नारळ सोलून झाले होते. लोला एका ठेंगण्या लाकडी बैठकीवर पाय दोन्हीकडे टाकून बसल्या होत्या आणि बैठकीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या दातेरी पात्यावर नारळ खवत होत्या. तिकडे त्याला ‘कुद्कुरान’ म्हणतात. आमच्या मालवणी आडाळ्याचंच ते सख्खं भावंड. मी कोकणातली. नारळ खवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी कुंपण ओलांडून गेले आणि म्हटलं, ‘लोला, मी बसू का पो?’ त्यांनी जागा दिली. पहिला नारळ खवून होईपर्यंत मी पाहुणी होते, वीस नारळ होईपर्यंत घरातली झाले.

आता कृती सांगते. तांदूळ आदल्या रात्री भिजत घालायचा. हा आपला रोजचा तांदूळ नव्हे. त्याला ‘मालाग्कित’ म्हणतात, म्हणजेच चिकट. कच्चा दाणा पाहिला तर साध्या तांदळासारखा काचेसारखा अर्धपारदर्शक नसतो, दुधासारखा पांढरा असतो. माझ्या यजमानांनी मला याचं कारण सोप्या शब्दांत सांगितलं होतं. तांदळातला पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, दोन प्रकारचा असतो. एक अमायलोज, दुसरा अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर मऊ आणि चिकट. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतोच. एका जनुकातल्या बदलाने हे झालं आणि आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांनी तो बदल पिढ्यान्पिढ्या जपून ठेवला, कारण त्यांना तो आवडला. आपल्याकडे आसामचा बोरा तांदूळ याच जातकुळीचा. इंग्रजीत याला ‘ग्लुटिनस’ म्हणतात म्हणून काहींना वाटतं की त्यात गव्हातलं ग्लुटेन असेल. तसं काही नसतं.

खवलेल्या नारळाचा पहिला दाट रस पाणी न घालता, किंवा अगदी ओंजळभर कोमट पाणी घालून पिळायचा. तो ‘काकांग गाता’. मग त्याच चवात पाणी घालून दुसरा पातळ रस काढायचा. दाट रसातला थोडा वेगळा काढून कढईत मंद आचेवर ठेवायचा. हळूहळू तेल सुटतं आणि तळाशी कण उरतात. ते बदामी रंगाचे झाले की खाली उतरवायचे. हे कण म्हणजे ‘लातिक’. लोणी कढवल्यावर आपल्याकडे बेरी उरते ना, तसं हे नारळाचं. चवीलाही तशीच खमंग. गंमत म्हणजे देशाच्या मधल्या विसाया बेटांवर लातिक मागितलं तर हे कण मिळत नाहीत. तिथे लातिक म्हणजे नारळाच्या रसात साखर आटवून केलेला दाट पाक.

मग तांदूळ पातळ रसात, चिमूटभर मीठ आणि पांदानचं पान घालून शिजवायचा. पांदान हे केवड्याच्या कुळातलं झुडूप, त्याच्या पानाला आंबेमोहोरासारखा वास येतो. तांदूळ पुरता शिजला पाहिजे, कारण एकदा गोड घातलं की दाणा पुढे मऊ होत नाही. नारळीभात करणाऱ्या बाईला हे सांगायला नको. दुसरीकडे मोठ्या लोखंडी कढईत, तिला ‘कावा’ म्हणतात, उरलेला दाट रस आणि तांबडी साखर उकळत ठेवायची. रस दाटला, त्याचे बुडबुडे जड होऊन आवाज करू लागले, की त्यात शिजलेला भात घालायचा आणि घोटायला लागायचं.

आणि इथे त्या न मिळणाऱ्या वस्तूची गरज लागते. ती म्हणजे हात. घरातल्या माणसांचे हात.

लोला पाच किलो तांदळाचा बीको करत. सुरुवातीला उलथणं सहज फिरतं. उलथणं कसलं, होडीच्या वल्ह्यासारखी लाकडी फळीच ती. दहा मिनिटांनी ते जड होतं. वीस मिनिटांनी दोन्ही हातांनी धरावं लागतं. थांबायची सोय नाही, कारण तळाला लागलं तर करपट वास सगळ्या कढईला लागतो. पाऊण तास, कधी तासभर हे चालतं. एका माणसाचं हे काम नाही. मी लोलांना विचारलं, झालं हे कसं ओळखायचं पो? त्या म्हणाल्या, ‘एकटीला फिरवता येईनासं झालं की दुसऱ्याला हाक मार. दोघांनाही जड झालं की झालं.’

घोटण्याचा त्यांच्या घरी एक नियम होता. घरातल्या प्रत्येकाने आपली पाळी द्यायची. मुलगा, सून, नात, सगळ्यांनी. जे घरात नाहीत त्यांचीही पाळी असे आणि ती दुसऱ्या कुणीतरी द्यायची. खलाशी मुलाची पाळी त्याचा धाकटा भाऊ द्यायचा. हाँगकाँगच्या लेकीची पाळी तिच्या मुलांनी द्यायची. नात वीस फेरे मारायची आणि मग छोटा आजीच्या हातावर हात ठेवून मोजायचा. चारच्या पुढचे आकडे त्याला नीट येत नव्हते, म्हणून त्याच्या आईचे फेरे कधी सात व्हायचे, कधी तीस.

शेवटी ‘बिलाओ’त, म्हणजे बांबूच्या गोल सुपात, विस्तवावर शेकून मऊ केलेली केळीची पानं अंथरायची, त्यांना लातिकमधून सुटलेलं तेल लावायचं आणि त्यावर बीको थापायचा. वरून लातिकचे कण भुरभुरायचे. निवल्यावर वड्या पाडायच्या. पहिला वाटा शेजाऱ्यांना जायचा, दुसरा दफनभूमीत, उरलेला घरच्यांना.

नव्या वर्षाच्या आदल्या रात्रीही बीको होतो. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर गोल फळं मांडतात, नाण्यांसारखी गोल म्हणून. खिशात सुटी नाणी खुळखुळवतात, आवाज करतात, आणि चिकट तांदळाचं काहीतरी खातात. का, तर नशीब वर्षभर चिकटून राहावं आणि घरातली माणसं एकमेकांना चिकटून राहावीत. हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. कारण मी पाहत होते ती घरं याच्या उलट होती. आमच्या गल्लीत असं एक घर नव्हतं, ज्यातलं कुणी परदेशी गेलेलं नाही.

यामागे इतिहास आहे. १९७४ च्या कामगार कायद्यापासून फिलिपिन्स सरकारने परदेशी नोकऱ्यांसाठी माणसं पाठवण्याची रीतसर व्यवस्था उभी केली. आखातात बांधकामावर, जहाजांवर, रुग्णालयांत, आणि हाँगकाँग-सिंगापूरला घरकामासाठी. आज परदेशी असलेल्या, तिथेच स्थायिक झालेल्यांसह, फिलिपिनो माणसांची संख्या साधारण एक कोटीच्या घरात सांगितली जाते. एकट्या हाँगकाँगमध्ये दोन लाखांच्या आसपास फिलिपिनो बाया घरकामाला आहेत. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घराला पत्रे चढतात, मुलांच्या फिया भरल्या जातात, म्हाताऱ्यांची औषधं येतात. आता तर त्यासाठी स्वतंत्र खातंच आहे, २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेलं. आपल्या कोकणाला हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडेही घरटी एक पुरुष मुंबईच्या गिरणीत असायचा आणि गाव मनीऑर्डरवर चालायचं. फरक एवढाच की आमच्याकडे बाप जायचा आणि आई मुलांजवळ राहायची. लोलांच्या घरातून आई गेली होती.

हाँगकाँगचा करार दोन वर्षांचा असतो. तो संपला, नवा झाला, की मधे गावी येता येतं. लोलांची लेक १९९६ च्या डिसेंबरात दोन आठवड्यांसाठी आली. छोटा तेव्हा सहा वर्षांचा झाला होता. तो दीड वर्षाचा असताना ती गेली होती आणि मधे एकदाच येऊन गेली होती. तो आजीलाच ‘नानाय’ म्हणायचा, म्हणजे आई. आईला तो ‘ममा’ म्हणायचा आणि ती त्याच्यासाठी टेलिफोनमध्ये राहणारी बाई होती. ती खेळणी घेऊन आली, चॉकलेटं घेऊन आली. तो ती घ्यायचा आणि आजीच्या मागे जाऊन उभा राहायचा. रात्री तिच्याजवळ झोपायचा नाही. ती काही बोलत नसे. दिवसभर भांडी घासायची, अंगण झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची.

३१ डिसेंबरला दुपारी कावा चुलीवर चढली. तिची पाळी आली. तिने वल्हं हातात घेतलं. इतक्या वर्षांत हाताची सवय गेली असावी, किंवा काहिलीच्या धगीने असेल, ती वरचेवर फिरवत होती. छोटा लांबून पाहत होता. तो पुढे आला आणि म्हणाला, ‘तसं नाही. तळापासून. नानाय तळ खरवडते.’ ती थांबली. म्हणाली, ‘दाखव बरं कसं.’ त्याने तिच्या हातांच्या खाली आपले हात ठेवले आणि जोर लावला. मग दोघं मिळून घोटू लागली.

अंगणात आम्ही सातआठ माणसं होतो. कुणी काही बोललं नाही. लोला केळीची पानं शेकायला उठल्या. पानं मघाशीच शेकून झाली होती. बीको उतरेपर्यंत दुसऱ्या कुणी वल्हं मागितलं नाही.

जानेवारीत ती परत निघाली तेव्हा छोटा तिच्या बॅगेला धरून रडला. सगळ्यांनी त्याला समजावलं. मला वाईट वाटत होतं. गाडी गेल्यावर लोला मला म्हणाल्या, ‘मागच्या वेळी रडला नव्हता, अनाक. हे बरं झालं.’

तिच्या तोंडून मी हाँगकाँगचा रविवार ऐकला होता. रविवारी त्यांना सुट्टी. शहराच्या मध्यभागी, मोठमोठ्या बँकांच्या इमारतींच्या पायाशी, उड्डाणपुलांखाली, पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसतात. केस विंचरतात, पत्रं लिहितात, घरी पाठवायची खोकी भरतात. त्यातली एखादी शनिवारी रात्री मालकिणीच्या विजेच्या कुकरमध्ये बीको करते आणि प्लॅस्टिकच्या डब्यातून आणते. कुकरमध्ये घोटावं लागत नाही. मी विचारलं, चव कशी असते? ती म्हणाली, ‘गोड असतो. पण मऊ असतो. दोघींना जड जाईल असं त्यात काही नसतं.’ एवढं बोलून ती हसली होती.

या पदार्थाचे नातेवाईक आपल्या किनाऱ्यावरही आहेत. गोव्यात ख्रिसमसला दोदोल करतात. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, हे सगळं तासन्तास घोटायचं. मलेशिया-इंडोनेशियात हाच पदार्थ याच नावाने होतो आणि फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ बेटावरच्या मुस्लिम वस्त्यांतही दोदोल आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १५११ मध्ये त्यांनी मलाक्का घेतलं. पुढे १६४१ पर्यंत मलाक्का त्यांच्याकडे होतं. दोन्ही बंदरांमध्ये जहाजं ये-जा करत होती. नाव एकच आहे, कृती एकच आहे, तेव्हा दोदोल कुठल्या वाटेने गोव्याला आला असेल याचा अंदाज बांधता येतो. आमच्या पणजीच्या एका शेजारणीला मी बीकोचं वर्णन सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘घोटायला कोण कोण असतं?’ करणाऱ्या बाईचाच हा प्रश्न.

फिलिपिन्सविषयी बोलताना लोक मला हमखास एक गोष्ट विचारतात. जगाला भाताची वाणं देणारी संस्था ज्या देशात आहे, तोच देश तांदूळ बाहेरून का आणतो? खरं आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये तर जगात सर्वांत जास्त तांदूळ आयात करणारा देश फिलिपिन्सच होता. याचं उत्तर नकाशात आहे. साडेसात हजारांहून जास्त बेटांचा हा देश. थायलंड-व्हिएतनामसारखी मोठ्या नद्यांच्या मुखाची सलग सपाट जमीन नाही, दरवर्षी वादळं येतात आणि खाणारी तोंडं अकरा कोटींच्या वर. आम्ही होतो तेव्हा, १९९५ मध्ये, नेमक्या उंदासच्या सुमाराला ‘रोसिंग’ नावाचं भयंकर वादळ आलं. शेकडो माणसं गेली, माड उन्मळून पडले. त्या वर्षी लोलांनी बीको फक्त एक किलो केला. मालाग्कित साध्या तांदळापेक्षा महागच असतो. पण केला. पाळ्या सगळ्यांच्या दिल्या, फेरे कमी केले.

लोला २००९ मध्ये गेल्या. तरुणपणी त्यांनी बाजारात काकानिन विकून तीन मुलं वाढवली होती. त्यांच्या हातची मापं कुठे लिहिलेली नव्हती. नात नर्स झाली आणि इंग्लंडला गेली. छोटा मोठा झाला, वातानुकूलन यंत्रांचं काम शिकला आणि दुबईला गेला. आणि त्याच सुमाराला त्यांची आई, वीस वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांच्या घरी राबून, हाँगकाँगहून कायमची घरी परतली. आई आली तेव्हा मुलं निघाली होती. अशी कितीतरी घरं तिथे आहेत.

तिचं-माझं अधूनमधून बोलणं होतं. आता फोनवर चेहरा दिसतो. पूर्वीची महिन्यातून एकदा ट्रंककॉलसाठी ताटकळण्याची वेळ राहिली नाही. मी तिला विचारलं, बीको करतेस का? ती म्हणाली, करते, उंदासला आणि नववर्षाला. तयार नारळरसाची पाकिटं मिळतात, पण ती नारळच खवते. धाकट्या भावाची मुलं घोटायला येतात. दुबईच्या मुलाची पाळी ती स्वतः देते. किती फेरे, असं मी विचारलं. म्हणाली, ‘तो मोजायला शिकला नव्हता तेव्हा मला सात ते तीस मिळायचे. मी त्याला तीस देते.’

श्रोतेहो, हे ऐकून कुणाला बीको करून पाहावासा वाटला तर प्रमाण सांगते. एक किलो चिकट तांदूळ. मोठ्या शहरांत आता तो मिळतो, आसामचा बोरा तांदूळही चालेल. चार मोठे नारळ. पाऊण किलो तांबडी साखर, किंवा चांगला चिरलेला गूळ. गुळाने चव थोडी खारट-खमंग होते, ती मला आवडते. मीठ चिमूटभर. पांदानचं पान नसेल तर नसू दे, वेलची मात्र घालू नका, नारळाचा वास दबतो. तांदूळ रात्रभर भिजवा. लातिक आधी करून ठेवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, नाहीतर बीकोवर घालायला उरणार नाही. फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतो. ताजाच खा, दुसऱ्या दिवशी पानात गुंडाळून वाफवून घ्या.

आणि एक. अर्धा किलोचा करू नका. अर्धा किलो एकट्याने घोटून होतो. घरात चार माणसं असतील अशी सुट्टी पाहा, भाऊबीज असेल, गणपतीचे दिवस असतील. मुलांना टीव्हीपुढून उठवा, जावयालाही वल्हं द्या. एकाला जड झालं की दुसऱ्याला हाक मारा. आणि जो त्या दिवशी घरी नसेल, पुण्याला असेल, बंगळूरला असेल, अमेरिकेला असेल, त्याच्या नावाचे फेरे कुणीतरी द्या. किती द्यायचे ते देणाऱ्याने ठरवावं.